काळी, पांढरी आणि पानिपतची पिवळी

काळा आंब इथली माती काळी नाही.

पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवरच्या, पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या त्या स्मारकापाशी दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं येतात. फुलं वाहतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात, थोडी रुमालाच्या गाठीत बांधून घरी नेतात. रणात सांडलेल्या रक्ताने जे झाड काळं पडलं असं सांगतात, ते आंब्याचं झाड आता उरलेलं नाही. एका संक्रांतीला मीही तिथे गेलो. माती कपाळाला लावली, आणि मग सवयीने बोटांत चोळून पाहिली, कारण गेली कित्येक वर्षं मी इंजिनीअरिंगच्या मुलांना मातीच शिकवत आलो आहे. माती पिवळट होती, पिठासारखी मऊ. बोटांवर अभ्रकाचे बारीक कण चमकले. बाटलीतलं पाणी घालून वळी करायला गेलो तर वळी होता होता तुटली.

वऱ्हाडातल्या आमच्या शेताची माती अशी नाही. ती ओली असताना बोटं सोडत नाही, वहाणेला एवढी चिकटते की पाऊल जड होतं. वाळली की तिच्यावर नख चालत नाही. आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की त्यात हात कोपरापर्यंत जातो.

त्या दिवशी स्मारकापाशी उभा असताना मी लढाईपेक्षा जास्त खंदकाचा विचार करत होतो. सदाशिवरावभाऊंचा तळ १७६० च्या ऑक्टोबरअखेरीस पानिपताशी पडला आणि छावणीभोवती खंदक खोदला गेला. ग्रँट डफने त्याची मापं दिली आहेत: ६० फूट रुंद, १२ फूट खोल. आमच्या हिशोबाने पाहिलं तर एक मीटर लांबीच्या खंदकामागे ६७ घनमीटरच्या आसपास माती निघते. कुदळ-फावड्याने एक माणूस दिवसाला दोन-अडीच घनमीटर माती काढतो असं धरलं, तर मीटरभर खंदकाला सत्तावीस ते तेहतीस माणसांचा अख्खा दिवस जातो. एवढं काम उरकलं, त्यात यमुनेच्या गाळमातीचा वाटा मोठा असणार. ती कुदळीला सहज येते, आणि हिवाळ्यात अंगात थोडी ओल असली की खंदकाची उभी बाजू काही काळ ढासळत नाही. बारीक कणांमधली ओल त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. समुद्रकाठी मुलं ओल्या वाळूचा किल्ला करतात, तो याच ओढीवर उभा राहतो. दख्खनच्या काळ्या रानात हाच खंदक घ्यायचा झाला असता तर वरचे दोन हात दगडासारखे लागले असते आणि खालचे चिकट, फावड्याला धरून बसणारे.

एक माती दुसरीपेक्षा चांगली, असं मला म्हणायचं नाही. आमच्या विषयात ‘प्रॉब्लेम सॉइल’ नावाचा एक वर्ग असतो. त्यात फुगणारी माती, कोसळणारी माती, पाण्यात विरघळल्यासारखी वाहून जाणारी माती, भूकंपात पातळ होणारी वाळू, भरावाची माती आणि राख येते. विद्यार्थी हे सगळे प्रकार पाठ करतात. मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो की मातीत खोट नसते. आपण तिच्यावर काय आणि कुठे ठेवतो, तिथे प्रश्न सुरू होतो.

ही गोष्ट मराठी गावाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. गावाची जमीन दोन नावांत वाटलेली असे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची, गावठाणाची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही जोडी जागोजागी भेटते. काळीचे हक्क वेगळे, पांढरीचे वेगळे. आज आपण हे शब्द महसुलाचे म्हणून वाचतो. मला ते पायाभरणीचे वाटतात. कापूस, ज्वारी, तूर काळीत पेरायची. घर मात्र पांढरीवर बांधायचं. गढीच्या भिंती रचायच्या त्याही पांढऱ्या मातीच्याच. काळ्या मातीची गढी एका पावसाळ्यात फुगली असती आणि एका उन्हाळ्यात उकलली असती.

मग गावं वाढली. पांढरी अपुरी पडली आणि घरं काळीत उतरली. डांबरी रस्ते, धरणांचे कालवे, शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, सगळंच काळीवर आलं. भारताच्या भूभागाचा सुमारे एक पंचमांश भाग या मातीने व्यापला आहे, आणि महाराष्ट्राच्या पठारावर तिच्यातून वाट काढल्याशिवाय कुठलाच रस्ता पुढे जात नाही.

आमचं घरही असंच काळीत उतरलं. माझी काकू एक वाक्य वर्षानुवर्षं बोलत आली आहे: “बापू, पावसायात दार लागत नाही अन् उन्हायात कडी बसत नाही.” मी तिचं हेच वाक्य वर्गात फळ्यावर लिहितो, कारण फुगणाऱ्या मातीच्या धड्याचं सगळं सार त्यात आहे. पावसाळ्यात भिंतींच्या कडेने पाणी मुरतं, कडेची माती फुगते, चौकट तिरकी होते, दार घासतं. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते, भिंत खाली येते, कडी आणि कोयंडा एका रेषेत राहत नाहीत. घराच्या मधली माती मात्र छपराखाली असल्यामुळे वर्षभर साधारण सारखीच ओली राहते. म्हणून घर कडेला हलतं, मध्ये हलत नाही, आणि तडे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे निघतात. तिरपा तडा दिसला की आधी जमिनीकडे पाहावं. गवंड्याला दोष देण्याची घाई करू नये.

काकू दर ज्येष्ठात त्या भेगा चुन्याने बुजवत असे. पुढच्या वर्षी त्याच भेगा, तिथेच.

पानिपतहून मीही रुमालात बांधून आणलेली माती आणि आमच्या शेतातली मूठभर माती मी प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवली. मातीची पहिली ओळख पटवणारी एक चाचणी इतकी साधी आहे की ती शाळेतही करता येईल. माती वाळवायची, कुटायची, बारीक चाळणीतून काढायची. दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या करायच्या. काचेची १०० मिलिलिटरची दोन उभी मोजपात्रं घ्यायची; एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. दोन्हींत एकेक पुडी ओतायची, ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हींतल्या गाळाची उंची वाचायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते मूळ माप. पाण्यातली वाढ त्याच्या किती टक्के, एवढंच काढायचं. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १६ भरली तर ६० टक्के. भारतीय मानकात ५० च्या खाली चिंता कमी, १०० च्या वर गेलं की जपायला हवं, २०० च्या वर तर पायाचा सगळा विचारच बदलावा लागतो.

सकाळी पाहिलं तर पानिपतची माती दोन्ही पात्रांत जवळपास एकाच रेषेवर बसली होती, वर पाणी नितळ. आमची काळी पाण्यात रॉकेलच्या जवळपास दुप्पट वर आली होती, आणि तिचा वरचा थर खिरीसारखा सैल, अजून पुरता न बसलेला. मुलं बराच वेळ पाहत उभी होती. त्यातली निम्मी काळ्या जमिनीवरच्या घरांतून आलेली.

पाण्यात असं काय आहे जे रॉकेलमध्ये नाही? काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. फ्रान्समधल्या एका गावावरून हे नाव पडलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांचा बेसॉल्ट झाला, तो झिजून ही माती झाली. हे खनिज पानापानांचं असतं, आणि ही पानं इतकी पातळ की एकावर एक दहा लाख रचली तरी जाडी मिलिमीटरभर भरावी. पानांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, आणि तो भागवायला सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन मध्ये बसलेले असतात. पाण्याच्या रेणूलाही एक धन आणि एक ऋण टोक असतं, म्हणून ते या आयनांभोवती गोळा होतं, पानांमध्ये शिरतं आणि पानं दूर सारतं. रॉकेलच्या रेणूला अशी टोकं नसतात. ते बाहेरच राहतं.

पृष्ठभागाचं प्रमाण ऐकलं की शेतकऱ्याच्या मुलाला ही माती लगेच कळते. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचा, आतल्या सगळ्या पानांसकट, पृष्ठभाग ८०० चौरस मीटरपर्यंत भरतो. म्हणजे दहा ग्रॅमच्या पुडीत जवळजवळ दोन एकर. काळीत पाणी धरून ठेवण्याची ताकद येते ती या दोन एकरांमुळे, आणि पाऊस उलटल्यावरही नुसत्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते तीही त्यांच्यामुळेच. पिकाला जगवणारा आणि भिंतीला चिरणारा गुण एकच आहे.

आता इंजिनीअरची अडचण पाहू. फुगण्यापासून रोखून धरलं की ही माती वर दाब देते. वाईट काळ्या मातीत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोपर्यंत जातो. एक मजली घराची भिंत पायाखाली त्याच्या पाव-अर्धाही दाब देत नाही. म्हणजे माती घर उचलू शकते, आणि उचलते. चार-पाच मजली इमारतीपेक्षा हलकं घर, कालव्याचं पातळ काँक्रीट अस्तर, रस्ता यांना या मातीचा त्रास जास्त होतो, कारण त्यांच्याकडे दाबून धरायला वजनच नसतं. जायकवाडीसारख्या प्रकल्पाचे कालवे मराठवाड्याच्या काळीतून शेकडो किलोमीटर जातात. त्यांच्या अस्तराखाली कसली माती आहे, हा प्रश्न तिथे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचण्याचा प्रश्न असतो.

घरांसाठी एक उत्तर उत्तरेतून आलं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडर-रीम्ड पाइल रुळवला. जमिनीत साडेतीन-चार मीटर खोल, जिथे पावसाळा-उन्हाळ्याचा फरक पोचत नाही तिथवर, खांब उतरवायचा आणि बुडाशी त्याला अडीचपट रुंद फुगवटा द्यायचा. वरची माती कितीही उचलू दे, खालचा कंद सोडत नाही. उत्तर चांगलं आहे. पण कालव्याखाली कोसन्‌कोस असे खांब कोण घालणार?

पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी काळ्या मातीमागे लागले. काळ्या मातीवरच्या कामासाठी देशात त्यांच्याइतकं दुसरं नाव घेतलं जात नाही. इंडियन जिओटेक्निकल सोसायटीने १९७८ मध्ये आपली वार्षिक व्याख्यानमाला सुरू केली, तिचं पहिलं व्याख्यान त्यांचं होतं, आणि विषय काळ्या मातीच्या प्रश्नांवरचे उपाय. त्यांचा मुद्दा एका निरीक्षणातून निघतो, आणि ते निरीक्षण मला आजही थक्क करतं. पाणी पिऊन तुडुंब झालेल्या काळ्या जमिनीत खाली खाली जाऊन मातीची घनता तपासली तर दिसतं की वरचा मीटर-सव्वा मीटर थर फुललेला आहे, पण त्याखालची तीच माती, तितकंच पाणी उपलब्ध असूनही, फारशी फुललेली नाही. का? वरच्या मातीच्या वजनामुळे, असं पहिलं उत्तर सुचतं. पण हिशोब करा. मीटरभर मातीचं वजन दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.२ किलो. फुगण्याचा दाब त्याच्या दहा-पंधरापट. वजन हे काम करूच शकत नाही.

कट्टींनी उत्तर शोधलं ते चिकटपणात. ओल्या काळ्या मातीत कणांभोवती धरलेलं पाणी कणांना एकमेकांशी बांधतं, आणि हा बांधलेला थर खालच्या थराला आवरून धरतो. वरचा मीटरभर स्वतः फुलतो, पण खालच्याला फुलू देत नाही. मग वरचा मीटरभर काढून त्या जागी चिकट असेल पण फुगणार नाही अशी माती घातली तर? झाकण तेच काम करेल आणि स्वतः हलणारही नाही. अशी माती आपल्याकडे मुबलक आहे: मुरूम. माती अंगात असलेला, तांबूस, पाणी मारून धुमसला की पक्का बसणारा. इंग्रजी आद्याक्षरांवरून या थराला ‘सीएनएस’ म्हणतात. कर्नाटकातल्या मलप्रभेच्या कालव्यावर तो वापरला गेला, आणि फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठीच्या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली.

याआधी पायाखाली वाळूचा थर देण्याची पद्धत होती. ऐकायला ती पटते, वाळू फुगत नाही. पण वाळूला चिकटपणाही नाही, म्हणून ती खालच्या मातीला आवरत नाही. आणि तिच्यात पाणी साठतं, ते नेमकं काळीलाच पाजलं जातं. आजही कित्येक ठेकेदार काळीत बांधताना वाळूच मागवतात.

आता माझा एक तर्क. पांढरी म्हणजे नेमकं काय असतं? पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, धाब्यांची माती, चुलीची राख, चुना, शेणसारवण, यांचा साठत गेलेला थर. कित्येक जुन्या गावठाणांत तो काळीच्याच वर बसलेला आहे, मीटर-दोन मीटर जाड. थोडा चिकटपणा असलेली, न फुगणारी माती, मीटरभराहून जास्त, काळीवर पसरलेली. कट्टींनी प्रयोगशाळेत ज्या थराची गरज सिद्ध केली, तो थर माणसांनी हजारो पावसाळ्यांत न ठरवता घातला होता, असं मला वाटतं. नव्या गावाची पहिली घरं पडत असतील, दुसरी पडत असतील. तिसऱ्या-चौथ्या पिढीला पायाखाली पांढरी मिळत असेल.

या विषयात आयुष्य घालवायचं म्हणजे काय, असं मुलं विचारतात. बीईनंतर गेट, मग एमटेक, मग पीएचडी, ही वाट सगळ्यांना माहीत असते. वेळाचा हिशोब मात्र कोणी सांगत नाही. मातीचा एक नमुना दाबाखाली किती बसतो हे पाहायला एका वजनावर चोवीस तास लागतात, मग वजन दुप्पट, पुन्हा चोवीस तास. एका नमुन्याला आठवडा-दोन आठवडे सहज. फुगणं-आक्रसणं एकदा पाहून भागत नाही, कारण पहिल्या फेरीत माती जशी वागते तशी पाचव्या फेरीत वागत नाही. आणि शेतात, खऱ्या जमिनीवर, निसर्ग वर्षातून एकच फेरी देतो. पीएचडीच्या चार-पाच वर्षांत काळी माती चार-पाच पावसाळेच दाखवते. सगळी नोकरी मिळून तीसेक. म्हणून या क्षेत्रात मोठं काम करणारी माणसं एकाच मातीशी एकनिष्ठ राहिलेली दिसतात. कार्ल टर्झागी या शास्त्राचा जनक मानला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलला शिकवत असताना मोडक्या-जुन्या सामानातून उपकरणं जुळवून त्याने चिकणमातीवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या, आणि त्याचं पुस्तक आलं १९२५ मध्ये. घाई करणाऱ्याला माती काही सांगत नाही.

हे सगळं काळीबद्दल झालं. पानिपतची पिवळी दोन्ही पात्रांत शहाण्यासारखी बसली म्हणून तिथला इंजिनीअर निवांत झोपतो, असं नाही.

महाराष्ट्रातला माणूस बोअर घेताना खडकाची वाट पाहतो. आधी काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण. पानिपतला इमारतीच्या कामापुरता बोअर कितीही खोल न्या, खडक लागत नाही. हिमालयातून यमुनेने आणलेला रेती-गाळ खाली आणि आणखी खाली. तिथे ताकद मोजायची ती ठोक्यांवर. तीन पायांच्या घोडीवरून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. दोर ओढणारी पोरं मोठ्याने मोजतात. आकडा तीसच्या पुढे गेला की सुपरवायझर पुढच्या नळीची तयारी करतो. पाच-सहावर नळी सरकून गेली की सगळे गप्प होतात आणि भोकातल्या पाण्याची पातळी पाहायला कोणीतरी टेप सोडतो.

पाण्याकडे पाहायचं कारण आहे. सैल, पाण्याने भरलेली बारीक वाळू भूकंपात हलली की तिचे कण आणखी जवळ बसू पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला वेळ नसतो, म्हणून भार कणांवरून पाण्यावर येतो आणि काही क्षण जमीन पातळ होते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपात उत्तर बिहारचा मोठा पट्टा असा खचला आणि घरं जमिनीत कलली. तीही हिमालयाच्या पायथ्याची गाळजमीनच. भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पानिपत चौथ्या क्षेत्रात आहे, म्हणून तिथे ते पाच-सहा ठोके कागदावर लिहून पुढे जाता येत नाही.

जुनं पानिपत शहर मात्र थेट गाळावर बसलेलं नाही. ते यमुनेच्या जुन्या काठावर, आधीच्या वस्त्यांच्या ढिगाऱ्याच्या टेकाडावर आहे. म्हणजे तिथलीही एक पांढरीच. नदी पूर्वेला सरकत गेली, टेकाड राहिलं. आज त्या टेकाडावर तीन-चार मजली पक्की घरं उठतात, तेव्हा मला काळजी वाटते. जुन्या वस्तीचा भराव एका हातावर टणक आणि पुढच्या हातावर पोकळ असतो. खाली कुठे बुजलेली विहीर, कुठे धान्याचं पेव. पांढरीवर हलकं घर निश्चिंत उभं राहतं. जड घराला तिथेही बोअर घ्यायला हवा.

आणि मग पाणी. तुघलकाच्या काळापासूनचा पश्चिम यमुना कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा सुरू केला. जमिनीचा निचरा अडला, पाणी वर आलं, करनाल-पानिपतच्या गावांत हिवताप माजला, करनालची लष्करी छावणी १८४० च्या सुमारास उठवावी लागली. शेतांवर पांढरा क्षार फुलला. तिकडे त्याला ‘रेह’ म्हणतात, अशा जमिनीला ‘कल्लर’. आपल्याकडे निरा डाव्या कालव्याखाली हेच घडलं. १९१० मध्ये हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी निरेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. दोन दूरचे प्रदेश, दोन वेगळ्या माती, आणि आजार तोच: निचरा नसताना पाणी.

कल्लर मातीचं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या शुद्ध पाण्यात सोडून पाहा. ते फुटत नाही, फुगत नाही. त्याच्या कडेने दुधासारखा ढग निघतो आणि पसरत राहतो. सोडियमने कणांना एकमेकांपासून सुटं केलेलं असतं. शेतात अशी माती वर पापुद्रा धरते आणि पाणी आत घेत नाही. बांधात किंवा धरणात वापरली तर तिच्यातून बीळ पडत जातं आणि एक दिवस बांध फुटतो. पानिपतहून थोडं पुढे, करनालला, १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. तिथे या जमिनींवर जिप्समचा उपचार रुळला. जिप्समचा कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवतो, कण पुन्हा गोळा होतात, पाणी मुरू लागतं आणि भात उभा राहतो.

आमच्याकडे रस्त्याच्या कामात काळ्या मातीत चुना मिसळतात. त्यातलाही पहिला कामकरी कॅल्शियमच. तो पानांमधल्या सोडियमची जागा घेतो, पानांना जवळ धरतो, फुगणं उतरतं. पुढे चुना मातीतल्या सिलिकाशी बांधला जाऊन हळूहळू सिमेंटसारखा कडकपणा येतो, त्याला महिने लागतात. पानिपतच्या औष्णिक वीज केंद्रातून १९७९ पासून निघत आलेली राख, किंवा आपल्या कोराडी, चंद्रपूर, एकलहऱ्याची राख, चुन्याच्या जोडीने हेच काम आणखी चांगलं करते. राख तळ्यात नुसती साठवली तर तीही सैल आणि ओली, हादऱ्यात पातळ होणारी. काळीत चुन्यासोबत मिसळली तर रस्त्याचा पाया.

काकू दर ज्येष्ठात भेगांत चुना भरत होती. उपाय बरोबर होता. तो भिंतीत जात होता, जायला हवा होता जमिनीत.

काही वर्षांपूर्वी घराला एक खोली वाढवायची ठरली. मी गावी गेलो, दीड मीटर काळी काढली, आणि जवळच्या टेकडीचा मुरूम वीतभर जाडीच्या थरांत पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसून घेतला. गवंडी वाळू मागत होता. काकू त्याला म्हणाली, पोरगं सांगते तसं कर. नव्या खोलीची भिंत जुन्या भिंतीला न जोडता मध्ये बोटभर फट ठेवली. भिंतीलगत तीन हात रुंदीची फरशी बाहेर उतार देऊन बसवली, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरणार नाही. मग दोन्ही भिंतींवर काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवल्या. जुन्या भिंतीवर एक, बुजवलेल्या तड्यावर आडवी, आणि नव्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यावर एक. भिंत केसभर जरी हलली तरी अशी काच तडकते.

जुन्या भिंतीवरची काच पहिल्याच आषाढात तडकली. नव्या खोलीतल्या काचेशेजारी काकूने पेन्सिलने तारीख घातली आहे आणि दर दिवाळीला ती त्याखाली एक रेघ ओढते. चार रेघा झाल्या आहेत. पाचवा पावसाळा सुरू आहे.